हिंडलगा ते हिंडलगा : माळाची सायकल फेरी

बेळगावात माळमारुती म्हटले की आज डोळ्यांसमोर घरे, दुकाने, शाळा आणि वाहनांची गर्दी येते. नावातला मारुती राहिला, माळ मात्र गेला. शहर वाढले की असे होतेच, असे म्हणून आपण पुढे जातो. शहराच्या पश्चिमेला हिंडलग्यापासून चंदगड तालुक्याच्या हद्दीपर्यंत अजून बराच माळ शिल्लक आहे. तो कोणी आवर्जून पाहायला जात नाही. ‘तिथं काय आहे? नुसता माळ!’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते.

वाचकहो, या ‘नुसत्या’ माळाची ओळख करून घ्यायची असेल तर सायकलसारखे वाहन नाही. मोटारीतून माळ दिसत नाही, दिसतो तो दोन गावांमधला कंटाळवाणा भाग. पायी जावे तर अंतर फार होते. सायकलचा वेग मात्र माळाला मानवतो. गवतातून उडालेला पक्षी दिसतो, रानफुलाजवळ पाय टेकून थांबता येते आणि बांधावरच्या माणसाशी दोन शब्द बोलता येतात.

माळ या शब्दाबद्दल आपल्यासारख्या दोन भाषा बोलणाऱ्या घरांना एक गंमत ठाऊक असेल. मराठीत गावाच्या चराऊ जमिनीला आपण गायरान म्हणतो. कन्नडमध्ये त्याच जमिनीला ‘गोमाळ’ म्हणतात. सातबारावर गायरान आणि उताऱ्यावर गोमाळ. कागद दोन राज्यांचे, पण गवत एकच आणि त्यावर चरणारी म्हैसही एकच. हद्दीचा दगड म्हशीला कधी वाचता आलेला नाही.

आज सांगायची फेरी अशी आहे : हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची, शिनोळी, तिथून डावीकडे वळून तुडये, मग राकसकोप, बेळगुंदी, बेनकनहळ्ळी, गणेशपूर आणि परत हिंडलगा. अंतर साधारण पस्तीस ते चाळीस किलोमीटर. सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास असल्याने हवा थंड असते. घाट नाही, पण रस्ता सपाटही नाही. चढ संपला की उतार, उतार संपला की पुन्हा चढ. रोज थोडी सायकल चालवणाऱ्याला ही फेरी जड जाणार नाही. थांबत, बघत, चहा पीत गेले तरी सकाळी सहाला निघालेला माणूस अकरा-साडेअकराला घरी जेवायला येतो.

वेंगुर्ला रस्त्याने

सुरुवात हिंडलग्याच्या गणपतीला नमस्कार करून करावी. हिंडलगा म्हटले की बाहेरच्या माणसाला तुरुंग आठवतो. १९५० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना इथेच स्थानबद्ध करून ठेवले होते. सीमाभागातल्या मराठी माणसाला १९८६ च्या आंदोलनातले हुतात्मे आणि त्यांचे स्मारक आठवते. पण बेळगावच्या प्रत्येक घराशी, मग ते कोणत्याही भाषेचे असो, हिंडलग्याचे आणखी एक नाते आहे. राकसकोप जलाशयाचे पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनला येते, तिथून लक्ष्मी टेकडीवर चढवून शुद्ध केले जाते आणि मग शहरातल्या नळांना सुटते. म्हणजे आपण ज्या रस्त्याने निघालो आहोत, त्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या माठातले पाणी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवून पायडल मारायला सुरुवात करावी.

बेळगाव-वेंगुर्ला रस्ता जुना. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि आंबोली घाट चढून याच दिशेने इकडे येई. आजही रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ असते. शिनोळीला औद्योगिक वसाहत असल्याने कामगारांच्या दुचाकीही सकाळी भरपूर असतात. म्हणून हा पहिला दहा-बारा किलोमीटरचा भाग भल्या पहाटे उरकलेला बरा. एकामागोमाग एक, रस्त्याच्या डाव्या कडेने जावे. गप्पा मारायला पुढे हवा तेवढा निवांत रस्ता आहे.

सुळगा ओलांडले की उजवीकडे उचगावचा फाटा लागतो. मळेकरणी देवीचे उचगाव आणि दरवर्षी साहित्य संमेलन भरवणारे उचगाव. बेळगाव तालुक्याच्या या पट्ट्यात खेडोपाडी साहित्य संमेलने भरतात. भाताच्या कापण्या उरकल्या की मांडव पडतात आणि गावकरी पुस्तकांवर बोलायला बसतात. अशी चाल दुसरीकडे फार कमी आढळेल.

तुरमुरीजवळ वारा फिरला तर नाकाला रुमाल लावावा लागतो. बेळगाव शहराचा कचरा इथल्या प्रकल्पात येतो. शहराला कचरा टाकायला जागा हवी होती आणि माळ ‘रिकामा’ होता. यात एका गावाचा किंवा एका शहराचा प्रश्न नाही. देशभर अशीच रीत आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत वर्षानुवर्षे गवताळ माळही पडीक म्हणूनच रंगवले गेले. ज्या जमिनीवर झाड नाही आणि नांगर नाही ती कोणाच्याच कामाची नाही, असे एकदा ठरले की मग तिथे काहीही करता येते. प्लॉट पाडता येतात, मुरूम काढता येतो, जांभ्याच्या खाणी घालता येतात आणि कचराही टाकता येतो.

आपल्या घरातली बादली रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीत रिकामी होते आणि तो कचरा इथे येतो. राकसकोपचे पाणी एका माळावरून येते आणि केर दुसऱ्या माळावर जातो. शहराचे हे देणे-घेणे एकाच सकाळी पाहायचे असेल तर ही फेरी त्यासाठी उत्तम आहे. बरोबर शाळकरी मुले असतील तर इथे मिनिटभर थांबून त्यांना हे जरूर सांगावे. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा का ठेवायचा, हे पुस्तकातून जेवढे कळत नाही तेवढे तुरमुरीच्या वाऱ्यात कळते.

बाची आणि शिनोळी

बाची संपते आणि शिनोळी सुरू होते तिथे राज्य बदलते. फलकांची लिपी आणि भाषा बदलते, गाड्यांच्या नंबरात के.ए. ऐवजी एम.एच. जास्त दिसू लागतात. सायकलवाल्याला मात्र डांबराचा पोत बदलला की कळते. बाकी सारे तेच. तीच तांबडी माती, तीच कौलारू घरे, तोच काजू. इकडची लेक तिकडे दिलेली आणि तिकडची सून इकडे आलेली.

टपरीवर थांबलात तर हाक कशी मारावी याची चिंता नको. अण्णा, अक्का, मामा, अप्पा हे शब्द दोन्ही भाषांनी वाटून घेतलेले आहेत. ‘अण्णा, दोन चहा’ म्हटले की काम झाले. पुढे बोलणे मराठीत जाईल की कन्नडमध्ये, हे चहा देणाऱ्याच्या उत्तरावर ठरते. ‘निधान होग्री’ असे कोणी म्हणाले तर ते मनावर घ्यावे. सावकाश जा, असे प्रेमाने सांगणारी माणसे रस्त्यावर भेटणे ही चांगली गोष्ट आहे.

ज्यांच्या पायांत ताकद आहे आणि सायकलला गिअर आहेत, त्यांनी इथून उजवीकडे देवरवाडीला जाऊन वैजनाथाचे दर्शन घ्यावे. डोंगराच्या कुशीत दगडी बांधणीचे जुने देऊळ आहे आणि शेजारी आरोग्य भवानी. महाशिवरात्रीला इथे दोन्ही राज्यांतले भाविक येतात. देवळाभोवतीची दाट झाडी पाहून माळाच्या कडेला जंगल कसे उभे राहते हे समजते. आणखी वर महिपालगड आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर असलेल्या या किल्ल्यात आजही गाव नांदते आहे. चढ चांगलाच उभा आहे, दम लागला तर उतरून सायकल हाताने न्यावी, त्यात कमीपणा नाही. उतरताना मात्र दोन्ही ब्रेक शाबूत असावेत.

हा डोंगर पाण्याची वाटणी करतो. उत्तरेकडे पडलेला पाऊस ताम्रपर्णीकडे जातो, जिच्या काठी ‘स्वामी’कार रणजित देसाई यांचे कोवाड आहे. दक्षिणेकडचे पाणी मार्कंडेय नदीला मिळते. ताम्रपर्णी हिडकल धरणाच्या वरच्या अंगाला घटप्रभेला जाऊन मिळते, मार्कंडेय गोकाककडे जाऊन त्याच घटप्रभेला मिळते. डोंगरावर वेगळे झालेले पाणी शेवटी एकाच नदीतून कृष्णेला जाते.

तुडयेचा माळ

शिनोळीहून तुडयेकडे वळलो की मालमोटारी मागे राहतात आणि खरी फेरी सुरू होते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना शेतीचे तुकडे, काजूच्या बागा आणि मध्येमध्ये उघडे माळ. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इकडे यावे. पाऊस उघडझाप करीत असतो, गवत गुडघ्याला लागते आणि जांभ्याच्या सड्यांवर रानफुलांचे गालिचे पसरलेले असतात.

जांभा हा आपल्या भागाचा दगड. कन्नडमध्ये त्याला जंबिट्टिगे म्हणतात. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातले बाकीचे क्षार धुऊन नेले आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहिले, म्हणून तो तांबडा. मधमाशांच्या पोळ्यासारखी त्याला भोके असतात. पावसाचे पाणी या भोकांतून आत मुरते, खालच्या चिकण थरावर साठते आणि डोंगराच्या पायथ्याला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पाऊस संपल्यावरही काही आठवडे ओढे वाहतात ते त्यामुळे. वरून कोरडा ठणठणीत दिसणारा माळ हा खालच्या गावांचा पाण्याचा माठच असतो. जांभ्याची खाण खोल गेली की हा माठ फुटतो. मग घराला चिरा मिळतो, पण विहीर आटते.

सड्यावर माती बोटभर जाडीची असते आणि तिच्यात नत्र जवळपास नसते. एवढ्या उपाशी जमिनीत फुले कशी येतात? त्याचे उत्तर ओल्या जागी खाली बसून पाहिले तर मिळते. निळ्या-जांभळ्या रंगाची नाजूक ‘सीतेची आसवे’ दिसायला गरीब, पण मुळांजवळच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून ती आपले पोट भरतात. ‘दवबिंदू’ नावाच्या रोपाच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यावर बसलेली चिलटे सुटत नाहीत. जमीन देत नाही ते ही झाडे हवेतून आणि पाण्यातून मिळवतात. सोनकीने पिवळे झालेले उतार, कवल्याची फुले आणि गौरीच्या सणाला घरी येणारा तेरडा हे तर सर्वांच्या ओळखीचे. ही सारी मंडळी दोन-तीन महिन्यांत उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि पुढच्या पावसापर्यंत मातीत झोपी जातात. एका रविवारी पाचपन्नास जोडे त्यांच्यावरून फिरले तर बी धरायच्या आतच ती संपतात.

नोव्हेंबरपासून माळाचा रंग बदलतो. गवत सोनेरी होते, कुसळीची कुसळे पायमोज्यांत घुसतात आणि आकाशात नवे पाहुणे येतात. गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या समजावा. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून तो हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर झोपतो. त्याला जंगल नको, शेत नको, माळच हवा. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो. टिटवी तर बारमाही. तिला कन्नडमध्ये टिट्टिभ म्हणतात, संस्कृतातही तेच नाव. ती जमिनीवर उघड्यावर अंडी घालते. ती ओरडू लागली की आपण तिच्या घरात शिरलो आहोत असे समजून बाजूला व्हावे.

माळावर झाडे लावण्याचे कार्यक्रम आपल्याकडे उत्साहाने होतात. हेतू चांगला असतो. पण जिथे मुळात गवतच निसर्गाने ठेवले आहे, तिथे खड्डे खणून भलतीच रोपे लावली तर भोवत्या, चंडोल आणि टिटवी यांचे घर मोडते. जांभ्यावर ती रोपेही जगत नाहीत. झाडे लावायला रस्त्याच्या कडा, ओढ्याचे काठ, शाळांची आवारे आणि बोडके झालेले जंगलाचे उतार पुष्कळ आहेत.

कुंपण की खूर?

माळ राखायचा कसा, हा प्रश्न तुडयेच्या रस्त्यावर पडल्यावाचून राहत नाही. सोपे उत्तर म्हणजे कुंपण. पण साताऱ्याजवळच्या कास पठाराने त्याचे दुसरे अंगही दाखवले. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास जागतिक वारशाच्या यादीत गेले. पर्यटक लोटले, म्हणून तारेचे कुंपण घातले. माणसे थोपली, पण गुरेही थांबली. गुरांनी चरायचे गवत माजले आणि त्याखाली नाजूक फुले दबू लागली, अशी तक्रार अभ्यासक करू लागले. अखेर काही वर्षांनी ते कुंपण काढण्यात आले. रोज किती माणसांनी यावे यावर मर्यादा घालणे हा उपाय त्यापेक्षा बरा ठरला.

युरोपातही हाच अनुभव आहे. जर्मनीतले ल्युनेबर्गचे माळरान आज मेंढ्यांच्या कळपांवर टिकून आहे. मेंढ्या चरल्या नाहीत तर काही वर्षांत तिथे झुडपे आणि मग झाडे येतात आणि जांभळी फुले नाहीशी होतात. नेदरलँड्समधल्या होगे फेलुवे या राष्ट्रीय उद्यानात पाहुण्यांना फिरायला पांढऱ्या सायकली फुकट मिळतात. मोटारीने माळ तुडवण्यापेक्षा सायकलने पाहावा, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे हे शहाणपण धनगरांकडे आणि गवळ्यांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. कळप एका जागी बसत नाही. आज इथे, उद्या तिथे. गवत खुडले जाते पण उपटले जात नाही, लेंडीखत पडते आणि बी खुरांनी मातीत दाबले जाते. निपाणीजवळच्या अक्कोळला जन्मलेले आणि १९६६ साली आदमापूरला देह ठेवलेले संत बाळूमामा याच परंपरेतले. त्यांच्या नावाची बकरी आजही सीमाभागात गावोगाव फिरतात आणि आपल्या रानात ती बसावीत म्हणून शेतकरी आमंत्रण देतात. ही बकरी मराठी गावातही जातात आणि कन्नड गावातही.

कायद्याची बाजूही थोडक्यात माहीत असावी. महाराष्ट्राच्या राज्य वन्यजीव मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये पश्चिम घाटातल्या अनेक वनक्षेत्रांना ‘संवर्धन राखीव’ दर्जा द्यायला मान्यता दिली. त्यात चंदगडचे सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. अभयारण्यापेक्षा हा प्रकार वेगळा. तो सरकारी जमिनीवर असतो आणि भोवतालच्या गावकऱ्यांचे हक्क त्यामुळे जात नाहीत. राखायचे ते गावाला बरोबर घेऊन. खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. हे सारे जंगल सलग आहे, म्हणून चंदगडच्या शेतात गवे दिसतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तर बेळगावच्या गोल्फ मैदानाजवळ बिबट्या दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलहून हत्ती आणावे लागले. बिबट्या शहरात कसा आला, असे आपण विचारत होतो. शहर किती पुढे सरकले आहे, हेही तेव्हा विचारायला हवे होते.

या फेरीतला प्रत्येक माळ राखीव क्षेत्रात नाही. काही वनखात्याचा आहे, काही खासगी आणि काही गावाचा. गावाच्या माळासाठीही नियम आहेत. कर्नाटकात १९६६ च्या जमीन महसूल नियमांनी शंभर जनावरांमागे बारा हेक्टर गोमाळ राखायला सांगितले. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. कागद भक्कम आहे. पण ग्रामसभेत गायरानाचा विषय निघतो तेव्हा किती जण हजर असतात, यावर माळाचे भवितव्य ठरते. माळावर गुरे पाठवणारी घरे जसजशी कमी झाली, तसतसे त्याच्या बाजूने बोलणारेही कमी झाले.

राकसकोपचे पाणी

तुडयेहून पुढे रस्ता परत कर्नाटकात शिरतो आणि राकसकोप जलाशय येतो. मार्कंडेय नदीवरचे हे पाणी. त्याच्या पाणलोटाचा काही भाग महाराष्ट्रात आहे. म्हणजे चंदगडच्या माळावर पडलेला पाऊस बेळगावच्या नळाला येतो. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी २४७५ फूट होते. पावसाळ्यात हा आकडा वर्तमानपत्रात रोज छापून येतो आणि बेळगावकर तो क्रिकेटच्या धावसंख्येसारखा वाचतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेयला पूर येऊन काठची शेते दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. २०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला आणि शहरात नळाची वाट पाहण्याची वेळ आली. अति आणि अल्प, दोन्ही आपण पाहिले. या दोन्ही प्रसंगी माळ काय करतो? गवताने झाकलेला उतार पावसाचा वेग कमी करतो, माती धरून ठेवतो आणि पाणी हळूहळू सोडतो. तोच उतार खणून उघडा केला तर पाणी एकदम येते, गाळ घेऊन येते आणि लवकर संपते. जलाशयात गाळ साठला की तेवढी जागा पाण्याची जाते. माळाशी आपला संबंध काय, असे विचारणाऱ्याला त्याच्याच घरातला नळ दाखवावा.

हे पिण्याचे पाणी आहे. पोहायला उतरू नये, भांडी धुऊ नयेत, काठावर पार्टी करू नये. जिथे आत जायला मनाई आहे तिथे रस्त्यावरूनच पाहावे. पाहण्यासारखे पुष्कळ दिसते.

रताळ्यांच्या रानातून घरी

राकसकोपहून बेळगुंदीकडे येताना तांबड्या मातीच्या उतारांवर वेल पसरलेले दिसतात. ही रताळी. पावसाळ्याच्या तोंडावर वेल लावतात आणि भाद्रपदापासून काढणी सुरू होते. नवरात्राच्या उपवासाला मागणी वाढते आणि बेळगावची रताळी ट्रकांनी उत्तरेकडे दिल्ली-आग्र्यापर्यंत जातात. भाताला न चालणाऱ्या मुरमाड जमिनीवर हे पीक येते. ‘पडीक’ म्हणवणाऱ्या जमिनीचे हे गोड उत्तर आहे. बांधावर काढणी चालू असेल तर थांबून किलो-दोन किलो घ्यावीत, ताज्या मातीच्या वासासकट. घरी आल्यावर चुलीत भाजावीत, चूल नसेल तर कुकर आहेच.

बेळगुंदीपासून बेनकनहळ्ळी आणि गणेशपूरपर्यंत घरे दाट होत जातात. चार-पाच वर्षांपूर्वी गेलेल्याला बदल लगेच कळेल. जिथे गवत होते तिथे चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि प्लॉट विक्रीचे फलक. घर प्रत्येकाला हवे, त्यात चूक काही नाही. पण कोणता माळ घरांसाठी आणि कोणता गुरांसाठी, पाण्यासाठी, हे आधी ठरवून शहर वाढले तर दोन्ही राहतील. न ठरवता वाढले तर नावे तेवढी राहतात.

निघण्यापूर्वी

सायकल साधी असली तरी चालते, गिअरची असल्यास सोपे जाते. चाकातली हवा, ब्रेक आणि चेन आदल्या रात्री तपासावी. पंक्चरचे साहित्य आणि छोटा पंप जवळ ठेवावा, तुडये ते राकसकोप या भागात दुकान सापडेलच असे नाही. माणशी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा केळी पुरेत. पावसाळ्यात सड्यावर शेवाळ असते, तिथे सायकल नेऊ नये. सायकल रस्त्यावर उभी करावी आणि मळलेल्या पायवाटेनेच चार पावले आत जावे. फुले तोडू नयेत. प्लास्टिक जसे नेले तसे परत आणावे. गुरे आडवी आली तर घंटी न वाजवता थांबावे, रस्ता आधी त्यांचा आहे. संध्याकाळी ही फेरी करू नये, अंधार पडल्यावर गव्यांचा वावर असतो. बारा वर्षांवरील मुलांना मोठ्यांसोबत जमेल. लहान मुले आणि आजी-आजोबा असलेल्या घरांनी हिंडलगा ते उचगाव आणि परत एवढीच छोटी फेरी करावी.

वाटेत वडीलधाऱ्या गुराख्याला ‘अज्जा, या माळाचं नाव काय?’ असे जरूर विचारावे. प्रत्येक माळाला, प्रत्येक टेकाडाला, प्रत्येक पाणवठ्याला नाव असते. ते मराठीत असेल किंवा कन्नडमध्ये, कधी अर्धे इकडचे अर्धे तिकडचे. घरी आल्यावर मुलांना ती नावे वहीत लिहून ठेवायला सांगावीत. नाव माहीत असलेल्या जागेला कोणी रिकामी म्हणत नाही, आणि ती विकायला निघाली तर निदान विचारणारा एक माणूस तरी उभा राहतो.